पाट संपले!

आमच्या पिढीचं निम्मं आयुष्य रांगेत गेलं. दुधाच्या केंद्रावर, रेशनच्या दुकानात, रॉकेलच्या गाडीपाशी, गॅसच्या नोंदणीला, मुलाच्या बालवाडीच्या अर्जाला. बसच्या थांब्यावरची 'रांगेचा फायदा सर्वांना' ही पाटी मी इतक्या वेळा आणि इतका इतका वेळ वाचली आहे की, त्यातल्या 'फा'चा काना रंगाऱ्याने किती तिरका काढला होता हे मी आजही कागदावर काढून दाखवीन. फायदा सर्वांना म्हणजे नक्की कोणाला, हे मात्र त्या पाटीने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रांगेचे आमचे नियम मोठे पक्के होते. पिशवी किंवा वीट ठेवली की तिथे माणूस उभा आहे असं धरायचं. "मी यांच्या मागे आहे हं," एवढं बोलून ठेवलं की माणसाने घरी जाऊन दाढी करून यायला हरकत नाही. आपल्यापुढे घुसतो तो असंस्कृत, आणि आपल्याला पुढे घेतो तो सज्जन. एवढ्या शास्त्रावर आम्ही चाळीस वर्षं निभावली, आणि दूध, रॉकेल, मुलं सगळं यथास्थित मिळवलं.

शास्त्र म्हटलं ते चेष्टेने नव्हे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत अ‍ॅग्नर एर्लांग नावाचे एक गणिती होते. लोक मनाला येईल तेव्हा फोन करतात, त्यातही काही हिशेब असतो, हे त्यांनी १९०९ साली गणिताने मांडून दाखवलं. रांगशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. नागपूरला ट्रंक कॉल लावून दिवसभर फोनपाशी बसलेल्या आमच्या पिढीला या गृहस्थांचा फोटो देव्हाऱ्याशेजारी लावायला हरकत नव्हती. पण त्या काळी त्यांचं नावसुद्धा आमच्या कानावर आलं नाही. बहुधा लाइन एंगेज होती.

माझा भाचा पुण्यात असतो. धुलाईयंत्र, मोटारीचे ब्रेक, लिफ्ट अशा वस्तूंच्या पोटात जे चिमुकले कॉम्प्युटर बसवलेले असतात, त्यांना अक्कल लिहून देणं हा त्याचा व्यवसाय. या प्रकाराला 'एम्बेडेड' म्हणतात. म्हणजे रुतवलेलं, असं त्याने मला सांगितलं. माझ्या डोळ्यांपुढे लाडवातला बेदाणा आला. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "मामा, तुमच्या त्या मशीनमध्येसुद्धा रांग असते."

"कपड्यांची?"

"कामांची. पाणी किती भरलं ते बघायचं, मोटर फिरवायची, झाकण उघडलं तर थांबवायचं. हात एकच, कामं अनेक. मग कोणी कधी यायचं, कोण थांबणार, कोणी हाकलला जाणार, हे सगळं आधी ठरवून ठेवावं लागतं."

"आणि हे कोणी ठरवलं?"

"वॉशिंग मशीनमध्ये आम्ही ठरवतो. पण मुळात बघाल तर चंद्रावर जाताना ठरलं."

भाचा एवढं बोलून श्रीखंडाकडे वळला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि पुढचे दोन महिने मिळेल ते वाचत बसलो. जे कळलं ते असं.

अपोलो यानात जो कॉम्प्युटर होता, तो अमेरिकेतल्या केंब्रिज गावी, एम.आय.टी.च्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबोरेटरीत घडला. वजन सुमारे ३२ किलो. म्हणजे आपल्याकडच्या सहलीला निघालेल्या एका कुटुंबाच्या वळकटीएवढं. लिहून पुसता येईल अशी त्याची पाटी केवढी, तर २,०४८ शब्दांची. आणि न पुसता येणारी पोथी ३६,८६४ शब्दांची. इथे शब्द म्हणजे सोळा खुणांचा एक तुकडा; एखादा मध्यम आकडा मावेल एवढाच. ही पोथी छापलेली नव्हती, विणलेली होती. बारीक लोखंडी कड्यांमधून तार गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. हे विणकाम कारखान्यातल्या बायकांनी हाताने केलं. पैठणीचा एक धागा चुकला तर मोर जरा तिरळा दिसतो, इथे चुकला तर यान तिरळं गेलं असतं.

एवढ्याशा डोक्याने एकाच वेळी किती गोष्टी सांभाळायच्या? यान कुठे आहे, किती वेगात आहे, इंजिन किती फुंकायचं, नाक कुठे वळवायचं, रडार काय म्हणतंय, आणि वर दोन अंतराळवीर मधूनमधून बटणं दाबून प्रश्न विचारणार. यावरचा एक सरळ उपाय म्हणजे शाळेचं वेळापत्रक. पहिला तास गणित, दुसरा इतिहास, घंटा झाली की पुढचा विषय. बऱ्याच यंत्रांत तेव्हा हीच पद्धत होती. तिच्यात भांडण नाही, पण लवचिकताही नाही. गणित अर्धवट राहिलं तरी घंटा होते, आणि चित्रकलेच्या तासाला मास्तर आले नाहीत तरी मुलं मुकाट बसून राहतात.

हॅल लॅनिंग नावाच्या गणितज्ञांनी १९६०च्या दशकात या कॉम्प्युटरसाठी शाळा सोडून घर डोळ्यांपुढे ठेवलं, असं मी म्हणेन. (ते स्वतः असं कुठे म्हणाल्याचं मी वाचलेलं नाही; उपमा माझी.) घरात वेळापत्रक नसतं. घरात गृहिणी असते. तिचं लक्ष एकाच वेळी गॅसवर, दारावर आणि नवऱ्यावर असतं, आणि यातलं आधी काय बघायचं हे तिला पक्कं ठाऊक असतं. नवऱ्याचा नंबर कितवा, तो प्रश्न वेगळा.

लॅनिंगनी दोन व्यवस्था केल्या. एकीचं नाव चक्क 'वेटलिस्ट'. आपल्याला हा शब्द रेल्वेमुळे ठाऊक आहे, आणि त्याचा अर्थ 'तुम्ही बहुतेक जात नाही' असा आहे. तिकडे तो नेमका उलटा होता. वेटलिस्टवर ज्याचं नाव लागलं, त्याचं काम ठरल्या वेळी होणार म्हणजे होणार, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने. यादीत जागा नऊच.

या यादीची युक्ती मला फार आवडली, कारण ती आमच्या स्वयंपाकघरात चालते. समजा दूध दोन मिनिटांनी उतरवायचं आहे आणि कुकर पाच मिनिटांनी बंद करायचा आहे. गजराचं घड्याळ घरात एकच. तर फळीवर दोन आणि पाच असं लिहायचंच नाही. दूध दोन, आणि कुकर दुधानंतर तीन, असं लिहायचं. एवढ्यात पाहुणे येतात आणि चहा चार मिनिटांनी गाळायचा ठरतो. मग त्या तीनचे तुकडे पाडायचे: दूध दोन, नंतर चहा दोन, नंतर कुकर एक. घड्याळ फक्त पहिल्यासाठी लावायचं. ते वाजलं की पहिल्याचं नाव खोडून दुसऱ्याचं लावायचं. सगळ्या रांगेची काळजी एका घड्याळाने वाहायची, आणि त्या घड्याळाला रांगेत किती जण आहेत याचा पत्ताही नाही! प्रत्येकाने फक्त आपल्या पुढच्याकडे बघायचं. आमच्या रेशनच्या रांगेतही हेच चाले. पण तिथे घड्याळ दुकानदाराकडे होतं आणि ते बंद होतं.

अट एकच होती. वेटलिस्टवर येणाऱ्याने आपलं काम चार-पाच सहस्रांश सेकंदात आटपायचं, कारण ते चालू असताना बाकीच्या घंटांकडे लक्ष देता येत नसे. ज्यांना पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून मनिऑर्डरचा फॉर्म तिथल्या तिथे भरायची, वर पत्ता लिहायला पेन मागायची सवय आहे, त्यांना प्रवेश नाही. काम मोठं असेल तर खिडकीशी फक्त वर्दी द्यायची आणि आत जाऊन बसायचं. आत बसवणारी ती दुसरी व्यवस्था. तिचं नाव 'एक्झिक्युटिव्ह'.

एक्झिक्युटिव्ह म्हणजे लग्नाची पंगत. कामाने बसायचं तर पाट पाहिजे. पाट म्हणजे आपले आकडे मांडायला पुसट पाटीवरची बारा घरं. असे पाट सात-आठच. पसारा मोठा असेल त्या कामाला पाटाखेरीज एक चौरंगही लागे, चव्वेचाळीस घरांचा, ते पाच. एका वेळी जेवणारा मात्र एकच. मानपान ठरलेला: प्रत्येक कामाला अग्रक्रमाचा आकडा, आणि ज्याचा मान मोठा त्याने आधी जेवायचं. आता यातली खानदानी गोष्ट बघा. जेवणाऱ्याला कोणी हात धरून उठवत नसे. त्यानेच चार घासांनंतर मान वर करून बघायचं, आपल्याहून मानाचा कोणी येऊन बसलाय का, आणि बसला असेल तर आपण होऊन हात आखडून त्याला वाट द्यायची. अशी पंगत मी उभ्या आयुष्यात पाहिलेली नाही. आमच्याकडे व्याही येऊन उभे राहिले तरी मठ्ठ्याचा तिसरा द्रोण मागवणारी माणसं आहेत.

ही सगळी व्यवस्था २० जुलै १९६९ला पणाला लागली. आपल्याकडे तेव्हा रविवार उलटून २१ तारखेचा सोमवार लागलेला होता. शनिवारी रात्रीच १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं, त्यामुळे देशातली शहाणी माणसं सोमवारी बँकेत रांग लागेल का या काळजीत झोपलेली. बाहेर धो धो पाऊस. चंद्र असेल तर ढगांच्या वर.

आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांचं छोटं यान खाली उतरत होतं. कॉम्प्युटरचं मुख्य काम असं: दर दोन सेकंदांनी वेटलिस्टवरची एक छोटी वर्दी येणार, यानाला बसलेले धक्के मोजणार, आणि त्यावरून हिशेब करायला एक मोठं काम पंगतीला बसवून जाणार. पुढचे दोन सेकंद संपायच्या आत त्याने जेवून उठायचं, म्हणजे पुढच्याला पाट मोकळा. सगळं ठीक चाललं होतं. जमिनीपासून सुमारे ३३,००० फुटांवर असताना कॉम्प्युटरने एक दिवा लावला आणि आकडा दाखवला, १२०२.

१२०२ म्हणजे, मराठीत सांगायचं तर, "पाट संपले!"

झालं होतं असं. वर फिरत राहिलेल्या मुख्य यानाशी पुन्हा गाठ घालून देणारं एक रडार होतं. उतरायचं फसलं आणि घाईने वर पळायची वेळ आली तर तयारी असावी म्हणून ते चालू ठेवलेलं होतं. त्या रडारला वीज एका ठिकाणाहून, आणि कॉम्प्युटरच्या बाजूला दुसऱ्या ठिकाणाहून. दोन्ही विजांचा वेग सेकंदाला ८०० आवर्तनं, तंतोतंत सारखा. करारात तेवढंच लिहिलेलं होतं: लय सारखी पाहिजे. सम एकाच जागी पडली पाहिजे, हे लिहायचं राहिलं. दोन तबलजी एकाच लयीत वाजवताहेत, पण एकाची सम दुसऱ्याच्या तिसऱ्या मात्रेवर. गवयाचं काय होईल? त्या बिचाऱ्या मोजणी करणाऱ्या सर्किटाचं तेच झालं. रडारचा पाळणा जागेवर स्थिर असताना त्याला तो थरथरतोय असं वाटायला लागलं, आणि ते कॉम्प्युटरला सांगत सुटलं: एक वाढला, एक घटला, एक वाढला, एक घटला. सेकंदाला जवळजवळ १२,८०० वेळा. प्रत्येक वेळी कॉम्प्युटरने हातातलं टाकून त्याची नोंद करायची. खतावणीची बेरीज करत बसलेल्या माणसाच्या कानाशी नातवंडाने जिना चढ-उतर करत पायऱ्या मोजाव्यात, तसं. पंधरा टक्क्यांच्या आसपास वेळ असा फुकट जायला लागला, आणि शिलकीत वेळ त्याहून फार नव्हताच.

त्यातच ऑल्ड्रिनने उंचीचा हिशेब पडद्यावर मागितला; म्हणजे आणखी एक पाहुणा. दोन सेकंदांपूर्वीचा हिशेब अजून पाटावर, तोच नवा आला. तो बसला. आणखी दोन सेकंदांनी तिसरा. कोणी उठेना, येणारे थांबेनात. यजमानाने बघितलं तर पाट शिल्लक नाही.

आता आपल्याकडचा यजमान काय करतो? तो भटजींवर ओरडतो, आचाऱ्यावर ओरडतो आणि शेवटी रुसून बसतो. वेळापत्रकवाला कॉम्प्युटर असता तर तोही इथेच बसला असता. या कॉम्प्युटरने सगळी पंगत एका क्षणात उठवली. सरसकट सगळ्यांना! मग जी कामं यान उडतं ठेवायला हवीत तेवढ्यांनाच पुन्हा आत घेतलं, आणि तीही मीठ-लिंबापासून नव्हे. आपण कुठवर आलो त्याची खूण ती कामं मधूनमधून करून ठेवत असत; तिथून पुढे चालू. अर्धवट राहिलेले जुने हिशेब टाकून दिले, कारण दोन सेकंदांपूर्वीची उंची आता कोणाला हवी आहे? ऑल्ड्रिनने मागितलेला पडदाही गेला. इंजिन एकदाही चुकलं नाही.

हे कॉम्प्युटरला ठाऊक होतं. माणसांना कुठे ठाऊक? ह्यूस्टनला जो निर्णय घ्यायचा होता तो स्टीव्ह बेल्स या अधिकाऱ्याने, वय वर्षं २६. त्याच्या कानाशी मागच्या खोलीतून बोलणारा जॅक गार्मन, वय २४. आमच्या ऑफिसात या वयाच्या माणसाला स्टेपलरसुद्धा सही घेऊन मिळत असे. जुलैच्या सुरुवातीला झालेल्या रंगीत तालमीत कोणा खट्याळ परीक्षकाने असाच एक इशारा मुद्दाम दाखवला होता, आणि तेव्हा बेल्सने उतरणं रद्द केलं होतं. नंतर परीक्षकांनी सांगितलं की, रद्द करायची गरज नव्हती. जीन क्रान्झ या मुख्य अधिकाऱ्याने मग हुकूम सोडला: कॉम्प्युटर जे जे इशारे देऊ शकतो, त्या प्रत्येकाला काय करायचं ते लिहून काढा. गार्मनने हाताने एक यादी लिहिली आणि टेबलावरच्या पारदर्शक पत्र्याखाली सरकवून ठेवली. खऱ्या दिवशी ती त्याच्या डोळ्यांपुढे होती. तो म्हणाला, सारखा सारखा येत नसेल तर चालेल. बेल्स म्हणाला, उतरा. इशारा आल्यापासून वरपर्यंत उत्तर पोचायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागला. ते अर्धं मिनिट दोन माणसांनी अंधारातल्या विहिरीत दोर सोडावा तसं काढलं असणार.

पुढे १२०२ पुन्हा आला. मग १२०१ आला, म्हणजे चौरंग संपले. मग दोनदा पुन्हा १२०२. एकूण पाच वेळा पंगत उठवली गेली. खाली दगडधोंड्यांचं मैदान दिसल्यावर आर्मस्ट्राँगने सुकाणू बरंचसं आपल्या हाती घेतलं, कॉम्प्युटरवरचा भार उतरला आणि इशारे थांबले. आपल्या घड्याळात रात्रीचे १ वाजून ४७ मिनिटं झाली होती, यान चंद्रावर टेकलं. सकाळी चाळीत नळावर ही बातमी आली तेव्हा पहिली प्रतिक्रिया, "आणि आमच्याकडे पाणी नाही," अशी होती, हे मला चांगलं आठवतं. पाच वेळा पाट संपले होते, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

बेल्सला पुढे सगळ्या चमूच्या वतीने अध्यक्षांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, आणि ते योग्यच झालं. पण मला आपलं वाटतं, लॅनिंगसाहेबांनाही त्याच मांडवात एखादा नारळ द्यायला हवा होता. काही जण या गोष्टीत कॉम्प्युटर बिघडला होता असं अजून सांगतात. तो बिघडला नव्हता. 'मला जमत नाहीये, पण मी महत्त्वाचं तेवढं करतोय,' असं त्याने स्वच्छ सांगितलं, आणि तसंच केलं.

एवढं सगळं भाच्याला फोनवर ऐकवलं तर तो म्हणतो, "मामा, मानपान ठरवला की संपलं असं नाही. मंगळावर काय झालं माहितीये?"

४ जुलै १९९७ला पाथफाइंडर नावाचं यान मंगळावर उतरलं, आणि थोड्याच दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप पुन्हापुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला लागला. कारण काढलं तर अगदी आमच्या ऑफिसातलं निघालं. सर्वांत मानाचं काम म्हणजे साहेब. साहेबांना कपाटातली फाइल हवी. कपाटाची किल्ली शिपायाकडे. तिकडे हा शिपाई म्हणजे हवामान मोजणारं एक गरीब काम. शिपाई कपाट बंद करून किल्ली देणार, तेवढ्यात मधल्या दर्जाचे हेडक्लार्क आपलं लांबलचक काम घेऊन येतात. शिपायापेक्षा त्यांचा मान मोठा, म्हणून शिपाई बाजूला उभा. किल्ली त्याच्या खिशात. आणि साहेब खोलीत घड्याळ बघताहेत. शेवटी पहारेकऱ्याला वाटतं की ऑफिसच बंद पडलंय, आणि तो मेन स्विच पाडून पुन्हा चालू करतो. यावरचं औषध आधीच शोधलेलं होतं: किल्ली जोवर शिपायाच्या खिशात आहे आणि साहेब खोळंबले आहेत, तोवर शिपायालाच साहेबांचा मान द्यायचा. पृथ्वीवरून तशी आज्ञा धाडली आणि मंगळावरचं ऑफिस सुरळीत झालं. आमच्या ऑफिसातल्या शिपायाला ही तत्त्वं पाथफाइंडरच्या आधी वीस वर्षं अवगत होती. किल्ली खिशात असली की तो आपण होऊन साहेबाचा मान घेत असे.

अपोलोच्या त्या कॉम्प्युटरमधली एक गोष्ट सांगायची राहिली. वेटलिस्टवर अजून कोणाची वेळ झालेली नाही, पंगतीत कोणी जेवायचं उरलेलं नाही, अशी वेळही त्याच्यावर प्रवासात यायची. मोकळं बसणं त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून त्यासाठीही एक काम लिहून ठेवलेलं होतं, सगळ्यांत कमी मानाचं. त्याचं नाव 'डमी जॉब'. ते दोनच गोष्टी करी. कॉम्प्युटर कामात असल्याची खूण म्हणून समोर एक दिवा लागलेला असे, तो विझवायचा. आणि नवीन कोणी आलंय का, हे दाराकडे पुन्हापुन्हा बघत राहायचं. हे वाचून मी हिला कौतुकाने सांगायला गेलो. ती म्हणाली, "दिवा विझवणं तरी शिका."